गुडघ्याला झटका चालणार नाही

तपासनीसांनी त्या मंगळवारी अर्धी रजा टाकली, आणि ती टाकली नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं त्यांचं अजूनही मत आहे.

ते पंप बनवणाऱ्या कारखान्यात शेवटच्या टेबलावर बसत. तयार झालेला प्रत्येक पंप त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय खोक्यात जात नसे. केसाएवढी चीर, अर्ध्या आट्याने ढिला राहिलेला स्क्रू, रंगाचा एक ओघळ, काहीही दिसलं की ते लाल चिठ्ठी डकवत आणि पंप परत पाठवत. अठ्ठावीस वर्षं हेच केल्यामुळे कारखान्यात आणि हळूहळू राहत्या इमारतीतही सगळे त्यांना तपासनीसच म्हणू लागले. खुद्द त्यांनाही ते आवडे. दुसऱ्याची चूक दिसणं ही एक विद्या आहे आणि ती सगळ्यांना येत नाही, असं ते जेवताना अधूनमधून सांगत. जेवणात काय चुकलंय हे त्याआधीच सांगून झालेलं असे.

तर, बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते. आठवड्यातून तीनदा तिला व्यायामासाठी दवाखान्यात जावं लागे आणि ती टॅक्सीने जाई. "तुमचं काम कशाला बुडवता?" असं ती म्हणायची. नवऱ्याला या समजूतदारपणाचं कौतुक होतं. म्हणून मंगळवारी त्यांनी दुपारी फोन केला, "साडेतीनला तयार राहा, मी गाडी घेऊन येतोय." पलीकडे जरा शांतता पसरली. तो आनंद असावा असं त्यांना वाटलं.

ते सव्वातीनलाच आले. इमारतीच्या दारात गाडी उभी करून त्यांनी हॉर्न वाजवला. मग पुन्हा वाजवला. तिसऱ्यांदा वाजवल्यावर तळमजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक खिडकीत आले.

"वहिनींसाठी वाजवताय का? त्या आत्ताच गेल्या की! मागच्या गेटने. काठी टेकत टेकत. टॅक्सी कोपऱ्यावर उभी करायला सांगितली होती म्हणे त्यांनी."

मागचं गेट म्हणजे कचऱ्याच्या डब्यांकडचं. तिथून कोपरा चांगला दीडशे पावलं. ऑपरेशन झालेल्या गुडघ्याने, काठी टेकत, बायको दीडशे पावलं चालून गेली होती, आणि तीही पुढच्या दाराशी नवऱ्याची गाडी येण्याआधी. तपासनीसांनी हे सगळं मनात मांडून पाहिलं. उत्तर एकच येत होतं, म्हणून त्यांनी ते पुन्हा मांडून पाहिलं.

संध्याकाळी बायको टॉवेलांच्या घड्या घालत बसली होती. ते समोर येऊन उभे राहिले.

"मागच्या गेटने?"

"डॉक्टरांनी सांगितलंय," ती घडीकडे बघत म्हणाली, "गुडघ्याला झटका चालणार नाही."

"माझ्या गाडीत झटका?"

बायकोने दुसरा टॉवेल घेतला. बायको भांडली असती तर त्यांना उत्तर सुचलं असतं. घड्यांना उत्तर देता येत नाही. त्यांनी थेट मुलीला फोन लावला. लग्न होऊन दुसऱ्या शहरात राहायला गेल्यापासून ती मोकळेपणाने बोलत असे.

"मी गाडी कशी चालवतो?"

"बाबा, खरं सांगू का मन राखू?"

"खरं सांग."

मुलगी बरीच वर्षं वाट बघत असावी. "तुम्ही बोलताना वळून मागे बघता."

"माणसाशी बोलताना त्याच्याकडे बघावं. त्याला शिष्टाचार म्हणतात."

"मी मागच्या सीटवर असते, बाबा! आणि पुढच्या गाडीला तुम्ही इतके चिकटता, की गेल्या खेपेला ह्यांनी पुढच्या गाडीतल्या माणसाचं वर्तमानपत्र वाचलं. अग्रलेख अर्धा राहिला म्हणून हळहळत होते. पिवळा दिवा दिसला की तुम्ही वेग वाढवता. रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाला तुम्ही काहीतरी ऐकवता; त्याला ते ऐकू जात नाही, आम्हाला जातं. तुमच्या गाडीतून जायचं असलं की हे आदल्या दिवसापासून कमी जेवतात."

"जावई? ते तर म्हणाले होते, मजा आली!"

"घरी पोचल्यावर म्हणाले होते, बाबा."

तपासनीस दुखावले. पण तपासणीला ते घाबरणारे नव्हते. दुसऱ्या दिवशी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत त्यांनी एक तक्ता आखला: 'वाहनचालनातील दोष'. अनुक्रमांक, दोषाचे स्वरूप, वारंवारता, शेरा. तो बायकोपुढे ठेवून म्हणाले, "भर. नि:पक्षपातीपणे भर."

बायकोने चष्मा लावला, तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला आणि विचारलं, "पुरवणी कागद आहे?"

इमारतीत अशा गोष्टी लपून राहत नाहीत. शुक्रवारपर्यंत सगळ्यांना कळलं की तपासनीस गाडी चालवणं सुधारताहेत, आणि सल्ले सुरू झाले. वरच्या मजल्यावरच्या मावशींनी आयुष्यात कधी गाडी चालवली नव्हती, त्यामुळे त्यांचं मत ठाम होतं: सगळा दोष बुटांचा. पातळ तळव्याचे बूट घाला, पायाला ब्रेक कळतो. मुख्याध्यापकांचं म्हणणं, दोष रागाचा. "राग आला की दहा आकडे मोजायचे, आणि एक दीर्घ श्वास. तेहतीस वर्षं वर्ग सांभाळले मी असे."

तपासनीसांनी दोन्ही उपाय एकदम केले. शनिवारी ते पातळ बूट घालून निघाले. पहिल्याच चौकात दिवा हिरवा झाला तरी पुढचा माणूस हलेना. त्यांनी हॉर्नवरचा हात काढला आणि आकडे मोजायला लागले. सातवर असताना पुढचा माणूस गेला, दहावर पोचले तेव्हा दिवा पुन्हा लाल झाला होता आणि मागे सात-आठ जण होते, ज्यांना मुख्याध्यापक भेटले नव्हते. ते सगळे हॉर्न ऐकत तपासनीस परत आले, इमारतीच्या दारातून आत वळले आणि मन शांत करण्यासाठी त्यांनी दीर्घ श्वास घेतला. दीर्घ श्वास घेताना डोळे मिटतात, हे मुख्याध्यापकांनी सांगितलं नव्हतं. डोळे उघडले तेव्हा टपालपेट्यांचा खांब गाडीवर टेकलेला होता. बारा घरांची पत्रं बॉनेटवर पसरली होती. मुख्याध्यापक खिडकीतून म्हणाले, "श्वास जरा आधी घ्यायला हवा होता."

बायको काठी टेकत खाली आली. तिने खांबाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "लागलं नाही ना?" एवढंच म्हणाली. ते वाकून पत्रं गोळा करायला लागले.

सोमवारी ते ड्रायव्हिंग क्लासमध्ये गेले. एका खोलीचं ऑफिस, भिंतीवर चिन्हांचा तक्ता, बाकावर चार कॉलेजची मुलं. क्लास चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, ठेंगण्या, आवाज खणखणीत. तपासनीसांनी सांगितलं की मला गाडी येते, फक्त थोडी सफाई हवी आहे.

"येते ना? उत्तम. लायसन्स बघू."

तपासनीसांनी पाकिटातून लायसन्स काढलं. प्लॅस्टिकच्या वेष्टणात, कोपरेसुद्धा न मुडपलेलं. बाईंनी ते हात लांब करून वाचलं, मग खिडकीपाशी नेऊन वाचलं.

"काका, हे संपून चौदा महिने झाले."

बाकावरच्या चारही मुलांनी मान वर केली.

लायसन्सच्या कचेरीत तीन खिडक्या होत्या. पहिल्या खिडकीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने डोळे तपासून आणा म्हटलं, तिसरीच्या बाहेर 'पहिल्या खिडकीत चौकशी करावी' अशी पाटी होती. दोन दिवसांनी, डोळ्यांच्या दाखल्यासह, ते पुन्हा पहिल्या खिडकीत पोचले. आतला कारकून थकलेला पण सज्जन माणूस होता.

"वर्षाच्या आत आला असतात तर नुसतं नूतनीकरण झालं असतं. आता तुम्ही नवीन."

"नवीन? मी एकतीस वर्षं गाडी चालवतोय!"

"मान्य. पण गेले चौदा महिने कशावर चालवत होतात?"

केसाएवढी चीर शोधणाऱ्या माणसाला स्वतःच्या पाकिटातली तारीख दिसली नव्हती. तपासनीसांनी अर्ज मागितला. फोटोच्या वेळी कॅमेऱ्यावरची मुलगी म्हणाली, "हसू नका." ते म्हणाले, "मी हसत नाहीये." ती म्हणाली, "मग रागावू नका." फोटोत जो चेहरा आला तो या दोन्हींच्या मधला आहे, आणि घरात तो कोणाला दाखवत नाहीत. संगणकावरच्या परीक्षेत ते पास झाले; नवव्या प्रश्नात शुद्धलेखनाची चूक आहे, असा लेखी शेराही देऊन आले.

शिकाऊ लायसन्स मिळालं. त्याबरोबर कारकुनाने दोन गोष्टी सांगितल्या. गाडीवर पुढे-मागे लाल अक्षरात शिकाऊ असल्याची खूण लावायची. आणि पक्कं लायसन्स असलेला माणूस शेजारी बसल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

खूण मागच्या काचेला चिकटवताना त्यांनी ती वाकडी लागली म्हणून दोनदा काढली. वरच्या मजल्यावरून मावशी म्हणाल्या, "आता सरळ आहे हो!"

"आता शेजारी बसायला माणूस कुठून आणू?" जेवताना ते म्हणाले. "मुलगी तिकडे. मुख्याध्यापकांनी आयुष्यभर सायकल चालवली."

बायको उठली, कपाटापाशी गेली आणि साड्यांच्या खालचा चपटा डबा घेऊन आली. त्यात मुलीचा जन्मदाखला होता, शाळेतली दोन प्रशस्तिपत्रकं होती, आणि एक लायसन्स होतं. तिचं. तारीख चालू होती, अजून सहा वर्षं.

"तुझ्याकडे?"

"तुम्हीच पाठवलं होतंत ना शिकायला."

आठवायला त्यांना वेळ लागला, आणि आठवलं तेव्हा ते बरं वाटलं नाही. एकोणीस वर्षांपूर्वी ती शिकली होती. पहिल्या झटक्यात पास झाली होती. मग एका रविवारी ती गाडी चालवायला बसली आणि हे शेजारी. घरापासून पोस्टापर्यंतच्या रस्त्यावर त्यांनी तिला काय काय सांगितलं ते सगळं त्यांना आठवत नव्हतं. क्लच, गिअर, डावीकडे, इतकं डावीकडे नाही, अगं बघ, अगं काय करतेस. पोस्टापाशी तिने गाडी कडेला घेतली, किल्ली त्यांच्या हातात दिली आणि ती चालत घरी आली. पुढे विषय निघाला नाही. ते लोकांना सांगत, "हिला गाडीची आवड नाही." आणि ते तसं सांगता सांगता त्यांना खरंच वाटायला लागलं होतं.

"पण तू हे दर वेळी बदलून आणलंस? कधी?"

"दोनदा. बसने गेले होते. तुम्ही कामावर होतात."

"कशाला पण? चालवत तर नव्हतीस."

"असू दे म्हटलं," ती म्हणाली आणि ताटं उचलायला लागली. त्या दिवशी भाजीत मीठ कमी होतं. तपासनीस काही बोलले नाहीत.

सकाळी क्लासच्या बाई आणि संध्याकाळी बायको, असं शिक्षण सुरू झालं. बाईंच्या गाडीत त्यांच्या पायाशीसुद्धा एक ब्रेक होता आणि तो त्या न सांगता दाबत. पहिल्या दिवशी त्यांनी तो अकरा वेळा दाबला. मग गाडी कडेला घ्यायला लावली.

"काका, तुम्ही झालेल्या चुका बघता. कोण आडवा आला, कोणी हात दाखवला नाही. तो तर गेला! त्याला ऐकवून काय उपयोग? अजून न झालेलं बघा. आणि जे दिसेल ते मोठ्याने बोला. म्हणजे दुसरं काही बोलायला तोंड मोकळं राहणार नाही."

ही गोष्ट तपासनीसांना पटली. ते बोलायला लागले. "उजवीकडे शाळेची बस, थांबणार. पुढे सायकल, खड्डा आला की आत वळणार. उभ्या गाडीत माणूस बसलाय, दार उघडेल." आणि दार उघडलं! त्यांना पंपातली चीर सापडल्यासारखा आनंद झाला. बाईंनी त्या दिवशी ब्रेक चारदाच दाबला.

बायकोने शेजारी बसायची एकच अट घातली होती: गाडीबाहेरच्या माणसाशी बोलायचं नाही. आधी उशी गुडघ्याखाली घेऊन ती जीव मुठीत धरून बसे. आठवड्याभराने तिने उशी मागे टाकली. पण तपासनीस आता दुसऱ्या टोकाला गेले होते. पुढच्या गाडीपासून ते इतकं अंतर ठेवत, की त्यात आणखी दोन गाड्या येऊन बसत आणि मग त्यांच्यापासून अंतर ठेवण्यासाठी हे आणखी मागे जात. दवाखाना बारा मिनिटांवर होता. त्यांना पस्तीस लागायला लागली. एकदा एका वळणावर मागची गाडी शेजारी आली, काच खाली झाली आणि आतला तरुण ओरडला, "काका, गाडी चालवताय की राखण करताय?"

तपासनीसांचे कान तापले. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. वाक्य त्यांचंच होतं. शब्दन् शब्द. गेल्या वर्षी एका म्हाताऱ्या गृहस्थांना त्यांनी हेच ऐकवलं होतं आणि त्याचा त्यांना अभिमान वाटला होता. त्या गृहस्थांच्या शेजारीही कोणीतरी बसलं होतं, पांढऱ्या केसांचं.

"चला," बायको हळूच म्हणाली. "डावीकडे सायकल आहे."

"पाहिली," ते म्हणाले.

पहिल्या परीक्षेत ते नापास झाले. आठाचा आकडा त्यांनी इतका रेखीव काढला की कागदावरही तसा येणार नाही. चढावर गाडी तसूभर मागे गेली नाही. पण शेवटच्या सरळ पट्ट्यावर शेजारी बसलेल्या परीक्षकाने सहज विचारलं, "कुठे असता आपण?" आणि तपासनीसांनी वळून, त्याच्या डोळ्यांत बघून, अदबीने सांगितलं, "पंपाच्या कारखान्यात." तेवढ्यात पुढचं चाक पांढऱ्या रेषेवरून गेलं. परीक्षक भला होता. "काम चांगलं आहे," असं म्हणून त्याने कागदावर फुली मारली.

घरी आल्यावर ते बराच वेळ बूट न काढता बसून राहिले. लाल चिठ्ठी लागल्यावर पंपाला काय वाटत असेल, असा विचार अठ्ठावीस वर्षांत त्यांच्या मनात आला नव्हता. मुख्याध्यापक सांत्वनाला आले आणि त्यांनी श्वासाचा विषय पुन्हा काढला. बायकोने त्यांना चहा दिला आणि विषय बदलला.

नंतर ती म्हणाली, "पुढच्या वेळी उत्तर रस्त्याला द्या. परीक्षकाला ऐकू जाईल."

तीन आठवड्यांनी पुन्हा परीक्षा झाली. या खेपेला परीक्षकाने मुलंबाळं विचारली, गाव विचारलं, हवापाण्यावर बोलून झालं. तपासनीसांनी सगळी उत्तरं समोर बघून दिली. पास झाल्याचं सांगितल्यावर मात्र ते वळले आणि त्यांनी परीक्षकाचा हात दोन्ही हातांनी धरला. गाडी तेव्हा बंद होती.

व्यायामाचा शेवटचा दिवस गुरुवारी होता. तपासनीस दवाखान्याच्या समोर गाडीत बसून होते. बायको बाहेर आली ती काठी काखेत मारून, सरळ पावलं टाकत. ती डावीकडच्या दाराकडे गेली नाही. फिरून उजवीकडे आली आणि काचेवर टकटक केलं.

"उतरा."

"का? काय झालं?"

"विचारलं मी डॉक्टरांना. म्हणाले, आता चालवायला हरकत नाही. पाय नीट दाबला जातो."

"आज? अगं, या वेळेला गर्दी असते, तुला सवय…" एवढं बोलून ते थांबले. खाली उतरले, बॉनेटला वळसा घालून पलीकडे गेले आणि बसले. पट्टा लावला. हात मांडीखाली दाबून ठेवले. तोंडाचं काय करायचं ते त्यांना कळेना.

बायकोने सीट पुढे ओढली, आरसा हलवला, पुन्हा हलवला. साडी सावरली. गाडी सुरू केली, आणि ती एक हिसका देऊन बंद पडली. मागून हॉर्न वाजला. तपासनीस गर्रकन मागे वळले. त्या माणसाला सांगण्यासारखं त्यांच्याकडे पुष्कळ होतं. मग ते परत पुढे वळले. बायकोने पुन्हा सुरू केली. गाडी निघाली.

ती काही बोलत नव्हती. तपासनीसही बोलत नव्हते, पण ओठ हलत होते. बस, थांबणार. सायकल. कुत्रं, झोपलेलं. बाजाराच्या रस्त्याला कडेला सामानाची उंच व्हॅन उभी होती. व्हॅनच्या पुढचं काही दिसत नाही, हे सांगायला तपासनीसांनी श्वास घेतला, तोवर गाडीचा वेग उतरलेला होता. व्हॅनच्या आडून एक बाई चाकांची पिशवी ओढत, फोनवर बोलत, कुठेही न बघता रस्त्यात आली. गाडी तिच्यापासून चार हातांवर अलगद उभी राहिली. पिशवीचं चाक अडकलं, तिने ते लाथेने सोडवलं आणि ती बोलत बोलत पलीकडे गेली. आपल्यासाठी कोणी थांबलं होतं हे तिला कळलंही नाही.

तपासनीस बायकोकडे बघत राहिले. ती समोर बघत होती. तिने गाडी पुन्हा पुढे काढली.

"काही म्हणालात?" तिने विचारलं.

"नाही."

"चुकलं असेल तर सांगा. रागावणार नाही मी."

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. सगळं आठवून पाहिलं, दवाखान्यापासून इथपर्यंत.

"इंडिकेटर," ते अगदी हळू आवाजात म्हणाले. "निघाल्यापासून चालूच आहे."

"अगं बाई!" ती म्हणाली, आणि गडबडीत भलतीच दांडी खाली करायला गेली तो पाण्याचा फवारा सुटला आणि पुसण्या काचेवरून खडखडत फिरायला लागल्या. कोरड्या, लख्ख उन्हात. तिला हसू आवरेना, त्यांनाही आवरेना. पुसण्या कशा बंद करायच्या हे त्यांना ठाऊक होतं, पण तिने विचारेपर्यंत ते काही बोलले नाहीत.